भेदरलेलं पोट

सुसामिरच्या कुरणावर पोटाच्या बाबतीत बुरमाकानचा शब्द शेवटचा. उन्हाळ्यात शहरातली माणसं पोट धरून वर येतात. कोणाला अन्न पचत नाही, कोणाला झोप नाही. दहा-बारा दिवस तिच्या लोकरी तंबूत राहून घोडीचं आंबवलेलं दूध, म्हणजे कुमिस, पितात आणि गालावर लाली घेऊन उतरतात. पहिल्या दिवशी अर्धा वाडगा, मग हळूहळू वाढवायचं, हा तिचा नियम. कोणी नाक मुरडलंच तर ती स्वतःचा दाखला देई.

"माझंच बघ ना! लग्न झाल्यापासून बावीस वर्षं पोटात कळा. या कुमिसनं असं बरं केलं, की आता दगडसुद्धा पचवीन."

अशा बाईच्या घरात सूनच आजारी पडली. लोकांना हसायला एवढं पुरे झालं.

नूरझात वसंतात लग्न होऊन आली होती. पोरगी गुणाची. दिवसातून सहा वेळा घोड्यांचं दूध काढायचं, त्यात शिंगरू आईला लावून पान्हा फुटला की त्याला ओढून बाजूला धरायचं काम ती न सांगता करी. पण जूनपासून तिच्या पोटात अन्न ठरेना. चार घास खाल्ले की मळमळ, मग उलटी. शेजारणी डोळे मिचकावू लागल्या, पण दिवस गेले नव्हते. बुरमाकाननं एकाचे दोन वाडगे केले, दोनाचे चार, आणि स्वतःचाच नियम मोडला. नूरझात सासूपुढे मान खाली घालून सगळं पिई आणि तंबूमागं जाऊन ओके. महिन्याभरात अंगावरचे कपडे लोंबू लागले. शेवटी तिच्या आईचा निरोप आला, रविवारी येतो आणि मुलीला घेऊन जातो.

नेलेली सून क्वचितच परत येते, हे बुरमाकानला ठाऊक होतं. तिनं मंगळवारी जीप काढायला लावली आणि नूरझातला तालुक्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरनं नूरझातला बाहेर बसवलं.

"पोट निरोगी आहे, एजे," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत तो म्हणाला.

"निरोगी पोट ओकतं होय? का सोंग म्हणताय पोरीचं?"

"सोंग नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. डोक्यापासून पोटापर्यंत एक लांब मज्जातंतू आहे. डोकं भेदरलं की खाली निरोप जातो, काम थांबवा. मग अन्न तिथंच पडून राहतं. पोट बिघडलं की निरोप उलटा वर जातो, झोप उडते, जीव घाबरा होतो. दोघं एकमेकांना छळत बसतात." त्यानं चष्मा काढला. "तुमचं कुमिस वाईट नाही. पण एक सांगा, ती जेवते कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर. सून आहे ती. चहा कोण ओतणार?"

डॉक्टरनं मान खाली घालून तपासण्यांचा कागद पुढे सरकवला. तो याच मुलखातला होता, त्याला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे सून दाराशी, चहाचं पाणी उकळायच्या सामोवारपाशी बसते. वाडग्यात चहा थोडाच ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुण्याचा मान राहतो. भरलेला वाडगा म्हणजे 'प्या आणि निघा'. तेव्हा तिची नजर सतत दहा वाडग्यांवर असते आणि दहाजणांची तिच्यावर.

"मीही बावीस वर्षं तेच केलं," बुरमाकान फणकारली. "मी नाही मेले."

"मग तुमचं पोट कोणत्या वर्षी बरं झालं?"

बुरमाकाननं कागद उचलला आणि सुनेला हाक मारली. परतीच्या वाटेवर पहिल्या दोन वळणांत तिनं डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या वळणावर हिशेब लागला. पोट बरं झालं त्या वर्षी कुमिस नेहमीएवढंच प्यायलं होतं. वेगळं एवढंच, की शरदात सासू वारली होती, आणि बर्फ पडायच्या आत कळा थांबल्या होत्या. बुरमाकानला स्वतःची भयंकर लाज वाटली. शेजारी नूरझात हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. बावीस वर्षं तीसुद्धा अशीच बसत होती.

त्या संध्याकाळपासून ती नूरझातचं ताट सगळ्यांच्या आधी वाढू लागली. कुमिस पुन्हा अर्ध्या वाडग्यावर आणलं. पहिल्या दिवशी उलटी झालीच. सासू चहा ओतू लागली की नूरझातच दचकून उठे, "अपा, मी ओतते ना!" चौथ्या दिवशी खाल्लेला पाव पोटात राहिला.

रविवारी नूरझातचे आईवडील आले. त्यांना बघायला बुरमाकानची मोठी नणंद काल्बूबूही आली. तिच्यापुढे भलेभले पुरुष नीट बसतात. मांस मांडलं गेलं. बुरमाकाननं सुनेला आईशेजारी बसवलं आणि स्वतः दाराशी जाऊन चहाची किटली उचलली.

"हे काय गं?" काल्बूबू कडाडली. "सासू ओतणार आणि सून हादडणार? आपल्या वेळी होतं का असं?"

"आपल्या वेळी पोट दुखायचं, एजे. माझं दुखायचं, तुमचंही दुखायचं. भेदरलेल्या घोडीला कधी पान्हा फुटलाय? मग भेदरलेल्या पोटात अन्न कसं जिरेल? आणा वाडगा इकडे."

काल्बूबूनं वाडगा हातातच धरून ठेवला. मग तो पुढे केला.

नूरझातनं तीन तुकडे मांस खाल्लं, वर सूप प्यायलं, आणि तिथंच उशीला टेकली. दुपारी, पाहुण्यांदेखत, घरची सून तोंड उघडं टाकून घोरू लागली. तिचा बाप खाकरला. आईनं मुलीचे कपडे न्यायला आणलेली पिशवी पुढे ओढली आणि मुलीच्या खांद्याकडे हात नेला.

बुरमाकान किटली घेऊन मध्ये आली.

"न्यायची असेल तर न्या, विहीणबाई. चूक आमचीच आहे. पण उठवू नका. जेवून झोपलीय पोर, किती दिवसांनी."

आईनं हात मागे घेतला. स्वतःचं जाकीट काढून मुलीच्या पायांवर घातलं, आणि रिकामा वाडगा बुरमाकानपुढे धरला.