शिवेवरचा लाल सिग्नल

जळगावहून एसटीनं निघालो असतो, तर धुळ्यात दुपारचं भरीत वेळेवर पोटात पडलं असतं. पण मला रेल्वेचा सोस. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरली. बाहेर कपाशी, आत शेंगांची टरफलं. समोर एरंडोलचे एक आबा बसले होते. त्यांना एसटी लागते, म्हणून भाचीच्या लग्नालाही ते एवढा वळसा घालून निघाले होते. मांडीवरच्या पिशवीत नारळ, टॉवेल आणि टोपी.

“तिले बाप नही शे,” आबा म्हणाले. “नवरदेवना मामासंगे भेट मालेच लेनी शे (मलाच घ्यायची आहे).”

वऱ्हाड शिवेवर आलं की दोन्हीकडचे मामा गळाभेट घेतात आणि मगच ते गावात शिरतं. आपण चुकलो तर पोरीच्या मागे कोणी नाही असं दिसेल, ही त्यांची धास्ती.

आणि गाडी थांबली. सिग्नल लाल. ड्रायव्हरनं लांबलचक शिट्टी दिली. पुढे कुठेतरी लग्नाचा बॅन्ड वाजत होता; बॅन्डवाल्यांनी ती सलामी समजून दुप्पट जोरानं वाजवायला घेतलं.

आबांचा फोन वाजला. भाच्याचं ओरडणं सगळ्या डब्याला ऐकू आलं. “मामा, कोठे शे? बठ्ठं (सगळं) वऱ्हाड फाटकमा उभं शे! नवरदेवना मामा म्हणस, भेट व्हवाबिगर हालाव नही!”

गावाची शीव नेमकी रेल्वे फाटकावर होती. तिथला शिवेचा दगड रुळांच्याही आधीचा, तेव्हा माघार रेल्वेनं घ्यायची, असं गावाचं म्हणणं. मी आबांना समजावलं की फाटक लागून कुलूप बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही, यंत्रणाच तशी असते. म्हणजे वऱ्हाड हलत नाही म्हणून फाटक नाही, फाटक नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून मामा नाही, आणि मामा नाही म्हणून वऱ्हाड हलत नाही.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मंग गाडी कव्हय सुटी (केव्हा सुटेल)?”

“तुम्ही तिथं पोचलात की.”

शेंगा खाणाऱ्या एका गृहस्थानं यंत्र बंद करून गाडी सोडायचा सल्ला दिला. शेजारच्या अक्का त्याच्यावर उखडल्या. “गाडी सोडशी, अन् लगीन कोनसंगे लावशी?”

आबा खाली उतरले. गार्ड धावत आला, भरपूर रागावला, कारण ऐकून त्यानं कपाळाला हात लावला आणि तो स्वतःच त्यांना रुळांपासून लांब, बांधाच्या कडेनं घेऊन गेला. बऱ्याच वेळानं गार्ड एकटाच परतला. त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि हातात दोन लाडू.

सिग्नल हिरवा झाला. गाडी फाटकातून हळूहळू निघाली. घाईत जो जिथं सापडला तिथं फाटक लागलं होतं. घोड्यावरचा नवरदेव एका बाजूला, त्याचा बाप दुसऱ्या बाजूला, ढोलवाला इकडे आणि त्याची टिपरी तिकडे. आबाही चुकून वराकडच्याच बाजूला राहिले होते. भेट अजून सुटली नव्हती. नवरदेवाच्या मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून आबा रडत होते, आणि तो मामा नव्याकोऱ्या टॉवेलनं त्यांचे डोळे पुसत होता. मलाही भरून आलं.

धुळ्यात देवपुरातलं काम उरकून दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परतलो. फाटक जवळ आलं तसा मी दारात जाऊन उभा राहिलो. फाटक नीट लागलेलं होतं, शिवेच्या दगडावर कुंकू आणि अक्षता होत्या, माणूस एकही नव्हता. गाडी वेळेवर, न थांबता पुढे गेली. सिग्नल लाल मिळावा असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं होतं.