कायमची जागा

२१ जानेवारी १९७३, रविवार. हजर: अध्यक्षबाई, म्हणजे आमच्या सरकारी वसाहतीतल्या सर्वांत मोठ्या साहेबांची पत्नी; आणखी चार अधिकाऱ्यांच्या घरच्या बाया; सतरंजीवर कारकुनांच्या घरच्या वीसेक जणी; त्यांत माझी आई आणि कॉलेजात शिकणारी मी. गैरहजर: इंजिनिअरसाहेबांची पत्नी, मुंबईला गेलेली.

महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. कोणी कुठं बसायचं हे कधी ठरवलं नव्हतं, पण नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे घडीच्या सहा खुर्च्या आणि बाकीच्यांना सतरंजी, हे नव्या सुनेलाही पहिल्याच दिवशी कळायचं.

हळदीकुंकवाआधी चर्चा होती: सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा मिळावी का? त्या वेळी आपण तिथे होतो, पण दोन वर्षांपुरते. आई काटोलकडची, सातवी पास, पेपर मात्र जाहिरातींसकट वाचायची. ती उभी राहिली.

“युद्ध जिंकून पाच जणं बसले, ते उठूनच नाही राहिले. शांती ठेवाले आपली पोरं काँगोत जाऊन मेली, अन् आपण दोन वर्षं बसून पुन्हा दाराशी. बरं, नियम बदलाचा तं त्यातला एकही नाही म्हणाला की संपलं. ज्याले खुर्ची आहे त्यालेच विचारून खुर्ची वाढवाची, हा कुठला न्याय?”

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनीही वाजवल्या. त्याच आनंदात आई मागे वळली आणि मुंबईला गेलेल्या बाईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

“ती इंजिनिअरसाहेबांच्या घरची जागा आहे हो,” अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या.

“त्या तं मुंबईले आहेत ना, बाई?”

सतरंजीवरून आमची शेजारीण हसत म्हणाली, “काहून वं, तुलेबी कायमची पाहिजे का?”

सगळ्या हसल्या. हसणाऱ्या बहुतेक सतरंजीवरच्याच होत्या. मी मान खाली घातली आणि सरकून आईसाठी जागा केली. कोणी सांगितलं नव्हतं. आई उठून तिथे बसली. भारताला जागा मिळावी हा ठराव एकमताने झाला; आईनेही हात वर केला. मंडळात मात्र ती पुन्हा गेली नाही.

आता १९८५. वसाहत तीच. माझ्या नवऱ्याला बढती मिळाल्यापासून मी मंडळाची चिटणीस आहे आणि डावीकडची दुसरी खुर्ची माझी. पहिल्या दिवशी तिच्यावर बसताना कान तापले होते. आता तापत नाहीत, याचीच जास्त लाज वाटते.

गेल्या आठवड्यात नव्या अध्यक्षबाईंना सुचवलं की यंदा सगळ्याच खाली बसू या. त्या म्हणाल्या, “आपले गुडघे धरतात हो.” मी पुढच्या कामाकडे वळले.

आई आता माझ्या भावाकडे काटोलला असते. तिला यंदाच्या हळदीकुंकवाला बोलावलं, तर तिने निरोप धाडला: “येतो. पण मले कुठं बसवशील ते आधी सांग.”

रविवारच्या तयारीपैकी तिळगूळ झाला, वाण आलं, सतरंज्या धुऊन वाळल्या, आमंत्रणं पोचली. आईला उत्तर कळवायचं राहिलं आहे.