एका फुंकेत दोन स्वर

“मयताला चालतील. लग्नाला नको.”

चर्चमागच्या हॉलच्या दारात मी बाबांचा चष्मा घेऊन उभी होते. बाबा तो घरीच विसरून आले होते. आत बँडची तालीम नुकतीच संपली होती. बोलणारे आमच्या गावच्या बँडचे नवे मास्तर. ऐकणारे माझे सख्खे काका, जे त्याच बँडमध्ये मोठा ढोल वाजवतात. आणि ज्यांना मयताला ठेवायचं होतं ते माझे बाबा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉम्बोनची नळी फडक्याने पुसत होते.

काका म्हणाले, “बरं.”

नुसतं बरं. लग्न त्यांच्याच मुलीचं होतं, दीड महिन्यावर आलेलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. पुढे बँड, मागे डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका. याला आम्ही पाण्याला जाणं म्हणतो. ट्रॉम्बोनवाल्यांना पहिल्या रांगेत ठेवतात. त्यात मान वगैरे काही नाही. मागे ठेवलं तर ती सरकती नळी पुढच्याच्या पाठीत बसते. पण तीस वर्षं पहिल्या रांगेत चाललं की माणसाला तो मानच वाटायला लागतो.

बाबांचा दोष असा, की फुंकताना त्यांच्या गळ्यातूनही आवाज येतो. ट्रॉम्बोन एक स्वर काढतो, बाबा आतल्या आत दुसरा. गावात याला “घुमणं” म्हणतात; बँडमधली पोरं म्हणतात, आत रेडा बसलाय. जुन्या मास्तरांनी त्यांना शिकवताना सांगितलं होतं, आधी गा, मग फुंक. बाबांनी गायला सुरुवात केली, मग फुंकायला सुरुवात केली, आणि गाणं थांबवायला त्यांना कोणी सांगितलंच नाही. जुने मास्तर पुढे ऐकू कमी यायला लागल्यावरही बरीच वर्षं बँड चालवत होते, त्यामुळे प्रश्न आला नाही. नवे मास्तर आठ वर्षं जहाजावरच्या बँडमध्ये वाजवून आले होते. त्यांना कान होते.

त्यांनी बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि फार सभ्यपणे सांगितलं. “अंकल, तुमचा आवाज गंभीर आहे. मयताला शोभतो.” बाबांना ही स्तुती वाटली. हॉलपासून चर्चच्या फाटकापर्यंत ती त्यांना पुरली.

घरी आईने विचारलं, “म्हणजे कोणी मेलं तरच तुम्ही वाजवायचं?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

त्या महिन्यात गावात तीन मयतं झाली. बाबा तिन्हीला पांढरा गणवेश घालून गेले आणि मन लावून वाजवलं. एका घरच्यांनी तर दफनानंतर मुद्दाम येऊन त्यांचा हात हातात घेतला. बाबा घरी येऊन म्हणाले, “लोकांना आवडतंय.” आई म्हणाली, “ज्याला आवडायला हवं होतं तो पेटीत होता.”

लग्नाबद्दल ते एकदाच बोलले. गणवेशाला इस्त्री करत होते, माझ्याकडे पाठ होती. “पोरीला लहानपणी ढोलावर बसवून फिरवलीय मी. आता तिच्या पाण्याला काय, बाजूने चालू? ब्लेझर घालून?” इस्त्रीतून वाफ आली. मी काहीतरी म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं नाही. मी सहसा म्हणत नाही. कॉन्व्हेंटात शिकले, मराठी तिथे आठवड्यातून चार तास. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि दोन्हींत माझं बोलणं ऐकून कोणीतरी हसतंच. (ही सगळी बोलणी मुळात आमच्या बोलीत झाली, इथे मी ती सरळ करून लिहितेय.) गावात समज असा, की मी शिष्ट आहे. आई पाहुण्यांना सांगते, “आमची ही इंग्रजीत गप्प बसते.”

मी वालीवला एका कारखान्यात नोकरी करते. तिथे बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनतात आणि त्यांतली चुकलेली झाकणं बाजूला काढणं हे माझं काम. त्यामुळे दोष कसा घालवावा याबद्दल मला थोडा आत्मविश्वास आहे. इस्त्रीच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर शोधलं: ट्रॉम्बोनमधून एका वेळी दोन आवाज येत असतील तर काय करावं.

उत्तरं भरपूर आली. सगळी, तसे दोन आवाज कसे काढावेत, याची होती. लोक वर्षानुवर्षं सराव करून ते शिकत होते. काहींना अजून जमलं नव्हतं, ते सल्ला मागत होते. आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक जर्मन माणूस होता, आता हयात नसलेला, ज्याची रेकॉर्डिंग ऐका असं जो तो ज्याला त्याला सांगत होता.

मी ऐकली. सुरुवातीच्या काळातल्या रेकॉर्डिंगांत तो चारचौघांबरोबर वाजवतो, आणि अगदी सभ्य वाजवतो. एका फुंकेत एक स्वर. आमच्या मास्तरांनी त्याला लग्नाला नेला असता. मग वर्षं पुढे सरकतात तशी बरोबरची माणसं कमी होत जातात, आणि शेवटी स्टेजवर तो एकटाच उरतो. तबला नाही, पेटी नाही, कोणी नाही. तो एक स्वर फुंकतो आणि त्याच्यावर दुसरा गातो. फुंकलेला आणि गायलेला एकमेकांना घासले की मधून तिसरा निघतो, कधी चौथाही, जो कोणीच वाजवलेला नसतो. जाणकारांनी याला ट्रॉम्बोनची नवी वाट म्हटलं होतं. आमच्याकडे ही वाट स्मशानापर्यंतच जात होती.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. अर्नाळ्याला होडीचं इंजिन धरत नाहीये आणि वर बसून कोणीतरी स्तोत्र म्हणतंय, असं वाटलं. पण मी रोज सुट्टीत ऐकत राहिले, बाबांची बाजू मांडायची तर ऐकायलाच हवं म्हणून. चौथ्या की पाचव्या दिवशी काम करताना तो मधला, कोणी न वाजवलेला स्वर माझ्या कानात आपोआप आला, आणि मी एक चांगलं झाकण बाद केलं.

आता पुरावा होता. मांडायचा कसा, हा प्रश्न होता. मास्तरांसमोर उभं राहून बोलणं शक्य नव्हतं. बँडचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात बाबा आहेत, मी नाही. रविवारी सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन घेतला. रेकॉर्डिंगांतला एक संथ तुकडा मी आधीच कापून ठेवला होता, सव्वा मिनिटाचा. शेवटच्या टाळ्या काढून टाकल्या, कारण टाळ्या ऐकून मास्तरांना राग आला असता. तो तुकडा मी ग्रुपवर टाकला. त्याखाली लिहायचं ठरलं होतं: “हे जर्मनीतले नावाजलेले वादक आहेत. त्यांचे दोन्ही स्वर मुद्दाम आहेत.” मी आधी इंग्रजीत लिहिलं. ते उद्धट वाटलं. मराठीत लिहिलं. “नावाजलेले”मधला “जले” बरोबर आहे का, यावर अडले. तोवर बाथरूमची कडी वाजली. मी मजकूर पुसला आणि फोन जागेवर ठेवला.

दहा मिनिटांनी बाबांच्या फोनवर उत्तरं यायला लागली; ते कपडे करत होते, मी वाचली.

“अंकल, सकाळी सकाळी?”

“परत घुमले.”

“आज तर दोन-दोन रेडे.”

मग मास्तरांचं, नेहमीसारखं सभ्य: “अंकल, श्वास छान आहे. पण स्वर फुटतोय. एका वेळी एकच ठेवायचा प्रयत्न करा. ऑल द बेस्ट.”

ट्रॉम्बोनला नवी वाट देणाऱ्या माणसाला आमच्या गावाने सुधारायचा सल्ला दिला होता, आणि शुभेच्छाही. पण लगेच काकांचा संदेश आला. काका टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात, आणि ढोल वाजवत असल्यामुळे मोठ्याने बोलतात. “अरे ऐका तरी नीट! मी तीनदा ऐकलं. ह्यात तिसरा आवाज आहे, तो कुठून आला? साठीच्या पुढचा माणूस असं फुंकतोय. तुमच्यातल्या एकाने फुंकून दाखवा. मास्तर, तुम्हीसुद्धा.”

संध्याकाळी काका घरी आले. ओट्यावर बसले, फोन काढला. “दादा, माझं चुकलं. त्या दिवशी मी ‘बरं’ म्हणायला नको होतं. पाण्याला हेच वाजवायचं. पोरीलापण आवडलंय.”

“काय हेच?” बाबांना काहीच माहीत नव्हतं. ते ग्रुप वाचत नाहीत, चष्मा सापडत नाही म्हणून.

काकांनी तुकडा लावला. बाबांनी मान खाली घालून, डोळे मिटून सगळा ऐकला. मी दारात होते. आता ते म्हणतील, हा मी नाही. मग मला सांगावं लागेल. मग काका म्हणतील, अच्छा, जर्मन आहे होय, दादा नाही. मी वाक्य जुळवत होते.

बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “हे कधी टेप केलंस?”

मी दाराची कडी वर-खाली करायला लागले.

“मागे वाडीत असणार,” ते काकांना म्हणाले. “चाफ्याची फुलं काढून झाली की मी जरा वाजवतो, मनातलं काहीतरी. ही चोरून ऐकते हे मला माहीत नव्हतं.” मग पुन्हा मला, हळू आवाजात, “मला वाटायचं तुला लाज वाटते माझ्या वाजवण्याची. इंग्रजी शाळेतली तू.”

एवढं झाल्यावर जर्मनी कुठून आणणार? आईने चहा आणला. तिनेही ऐकलं आणि म्हणाली, “आज बरं वाजवलंय.” तिच्याकडून तीस वर्षांत आलेली ही पहिली स्तुती एका परक्या माणसाच्या नावावर जमा व्हायला हवी होती. बाबांनी ती आनंदाने घेतली.

पुढच्या तालमीला मास्तरांनी मलाही बोलावलं. काकांनी निरोप आणला, “बाय, तूही चल. टेप तू केलीस ना? मास्तरांना विचारायचंय.” मास्तर जहाजावर कुठे कुठे गेलेले, त्यांनी तो जर्मन कुठेतरी ऐकला असला तर? मी दोन दिवस जेवले नाही. बाबांनी गणवेशाला पुन्हा इस्त्री केली, तालमीला गणवेश लागत नसताना.

आधी बाबांनी वाजवून दाखवलं. ते नेहमीसारखंच घुमले; जर्मन माणसाइतका तिसरा स्वर काही निघाला नाही, मधेच कुठेतरी त्याची नुसती सावली आली. पण आता सगळे तो शोधत होते. रविवारी ग्रुपवर थट्टा करणारे दोघे माना डोलवत म्हणाले, “आला आला, तो बघ.” काकांनी ढोलावर हळूच एक थाप दिली. मास्तरांनी मात्र मान डोलावली नाही. ते म्हणाले, “अंकल, आता रेकॉर्डिंग ऐकू. पाण्याला घ्यायचं तर खात्री करू.” आणि त्यांनी तो तुकडा हॉलच्या मोठ्या स्पीकरवर लावला.

त्या स्पीकरवर सगळंच ऐकू येत होतं. ओठांची थरथर, श्वास, नळी सरकल्याचा आवाजसुद्धा. फोनवर कधीच ऐकू न आलेल्या गोष्टी. निम्म्याच्या थोडं पुढे, स्वर बारीक होत असताना, कोणीतरी खोकलं. चांगलं भरदार, मोठ्या दालनात घुमणारं खोकणं. जर्मनीतला कोणी गृहस्थ, कोट घातलेला असणार, किती वर्षांपूर्वी.

मास्तरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. थोडं मागे नेलं. पुन्हा खोकला आला.

“हे कोण?” त्यांनी विचारलं. बाबांना नाही, मला. “वाडीत हे कोण खोकतंय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही बघत होते, उत्सुकतेने. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावरून मला कळेना, त्यांना ठाऊक आहे की नुसता संशय आहे, की मला पळून जायला दार उघडून देतायत. काकांचा हात ढोलावर तसाच होता. मी खरं सांगितलं असतं, तर लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा ब्लेझर घालून बाजूने चालले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे चोरून ऐकणारी मुलगी त्यांना नसती राहिली.

त्या हॉलमध्ये मी लहानपणापासून येते. तिथे मी मोठ्याने बोललेलं पहिलंच वाक्य हे.

“आमची आई,” मी म्हणाले. “तिला तेव्हा सर्दी होती.”