डॉक्टरांपुढची पेशी

प्रथम क्षमा मागते. आयुष्यभर इतरांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवणाऱ्या बाईने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लिहायला बसावे, आणि तेही देवाविषयी, हे मला स्वतःलाच धारिष्ट्याचे वाटते. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. अध्यात्मातले मला फारसे कळत नाही. जे घडले त्याला चमत्कार म्हणावे की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. पण त्या दिवशी बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही, आणि तो मनातच ठेवणे कृतघ्नपणाचे होईल, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

गेल्या वर्षी माझ्या यजमानांना लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले होते. सुपारीचेही व्यसन नसलेला माणूस. डॉक्टर माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात इतक्या तरुण होत्या. समोर कागद ठेवून त्या म्हणाल्या, “काकू, उपचार दोन प्रकारे करता येतील. आधी खर्चाचं थोडं बोलूया का?” मी त्यांना पुढे बोलूच दिले नाही. “पैशाचं पाहू नका, डॉक्टर. उत्तमातलं उत्तम करा.” हे वाक्य मी जुळवले नव्हते. आमच्यासारख्या घरांत ते तयारच असते. दारी आलेल्याला ‘जेवूनच जा’ म्हणावे, तसे ते आपोआप तोंडातून येते. डॉक्टरांनी कागद मिटले.

बाहेर खिडकीवर अंदाजपत्रक मिळाले. आकडा मी दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. तो आकडा म्हणजे आमचे राहते घर होते. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि यजमानांना म्हटले, “होईल सगळं व्यवस्थित.” पर्समधला तो कागद त्यांनी केव्हा पाहिला, ते मला आजही ठाऊक नाही.

उपचार सुरू होण्यापूर्वी एकदा पुन्हा भेटायचे होते. त्या सकाळी सदऱ्याची बटणे लावता लावता, भाजी काय आणू असे विचारावे इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले, “आज मी डॉक्टरांना नको म्हणून सांगणार आहे. घर विकून मला जगायचं नाही. तू मध्ये बोलू नकोस.” चाळीस वर्षांच्या संसारात ‘तू बोलू नकोस’ असे त्यांनी मला कधीच म्हटले नव्हते. मी तशीच उभी राहिले. शेवटचे बटण त्यांना लागत नव्हते, आणि पुढे होऊन ते लावून देण्याचेही मला सुचले नाही.

इथे माझ्या भक्तीविषयी थोडे सांगणे भाग आहे. कित्येक वर्षे दर शनिवारी मी गुलमंडीजवळच्या मारुतीला रुईच्या पानांचा हार घेऊन जाते. मी देवाकडे कधीच काही मागितले नाही. लोक नवस बोलताना ऐकले की मला त्यांची थोडी कीवच येत असे. ‘तुझ्या कृपेने सर्व ठीक आहे’ एवढेच मी म्हणत असे आणि त्याला निष्काम भक्ती समजत असे. त्या सकाळी रिक्षा देवळावरून गेली तेव्हाही मी हात जोडून तेच वाक्य म्हटले. सर्व ठीक आहे!

रुग्णालयात यजमानांना रक्त तपासायला आत नेले. माझ्या शेजारी बुरखा घेतलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या; त्यांचे पती समोरच्या बाकावर पाय वर घेऊन निजले होते. त्यांनी मला विचारले, “बाई, तुमची पेशी कवा हाय?”

तीस वर्षे मुलांना पेशी शिकवलेली मी! मी गंभीरपणे सांगू लागले, की पेशींचा अहवाल आला आहे, पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, गाठीतल्या पेशी मात्र... त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग बुरख्याआड हसू लागल्या.

“तसं नाय ओ बाई! आत डॉक्टरीणबाईपुढं उभं करतात, ती पेशी. आमच्या ह्यांचा जमिनीचा दावा लई साल चालला. कोर्टाच्या पेशीला येऊन येऊन चपला झिजल्या. त्यापरीस इथली पेशी बरी, पंखा तरी हाय.”

मलाही हसू आले, आणि त्या हसण्यातच कुठेतरी बांध फुटला. परक्या बाईजवळ मी भडाभडा सगळे बोलून गेले: आकडा, घर, सकाळचे ते वाक्य.

“मग डॉक्टरीणबाईला सांगितलं का, इतकं नाय म्हणून?”

“तसं कसं सांगणार?”

“जीभ दाखवता, पोट दाखवता, मग खिसा दाखवाया कसली शरम? पेशीला उभं राहिलं की झाकून चालत नाय. म्या तर पहिल्याच दिवशी म्हटलं, बेटी, माझ्याकडं दोन एकर रान, एक म्हस आन् ह्यो माणूस, एवढंच हाय. म्हस गेली तर जाऊ दे, बाकी दोन वाचव.”

“तुम्हाला लाज नाही वाटली?”

“वाटली की. पण लाज माझी, जान ह्यांची.” मग माझ्या कडक इस्त्रीच्या साडीकडे पाहून त्या सहज म्हणाल्या, “वरच्याच्या दरबारात बी अशीच इस्त्री करून जाता व्हय?”

त्या थट्टाच करीत होत्या. मला मात्र कोणीतरी भर वर्गात उभे करावे तसे झाले. इतक्या शनिवारी मी देवापुढे नेमके तेच केले होते. जिला मी निष्काम भक्ती म्हणत होते, ती इस्त्री होती. ज्या तोऱ्यात मी डॉक्टरांना ‘पैशाचं पाहू नका’ म्हटले, त्याच तोऱ्यात त्यालाही म्हणत होते, ‘माझं पाहू नकोस, मी ठीक आहे.’

तेवढ्यात यजमान रक्त देऊन आले आणि आमचे नाव पुकारले गेले. आत बसताच यजमानांनी घसा साफ केला. “डॉक्टर, मला एक सांगायचं आहे...” मी त्यांच्या हातावर हात ठेवला. “डॉक्टर, आमच्याकडे इतके पैसे नाहीत. पण मला हे हवे आहेत.” आवाज माझा नसल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “काकू, त्या दिवशी मी दोन कागद काढले होते. तुम्ही दुसरा पाहिलाच नाहीत.”

दुसरा कागद होता! तो पहिल्या दिवसापासून माझ्यापुढे एका हाताच्या अंतरावर होता, आणि त्याच्यावाचून माझा माणूस मरायला निघाला होता. त्यात तेच औषध होते, फक्त आपल्या देशात तयार झालेले, कितीतरी कमी किमतीचे. काही तपासण्या सरकारी योजनेत बसणाऱ्या होत्या. “गुण तोच,” डॉक्टर म्हणाल्या, “मात्र बरे होतीलच अशी हमी मी कुठल्याच कागदावर देऊ शकत नाही. आणि खरं सांगू? पैशाचं विचारायला मलाही संकोच वाटतो. ‘आमची ऐपत काढता का?’ म्हणून माणसं उठून जातात.” म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना लाजच बसली होती.

घर राहिले. औषधाच्या चार मात्रा झाल्या आहेत, दोन बाकी आहेत. यजमानांचे केस गेले, भाकरीची चव परत आली आहे. पुढचे मला ठाऊक नाही.

तिसऱ्या मात्रेच्या वेळी त्या बाई पुन्हा भेटल्या. मी त्यांचे हात धरून सारे सांगितले, इस्त्रीचे वाक्यही. त्या बुचकळ्यात पडल्या. “म्या असं बोलले? याद नाय बाई. म्हस हाय अजून, आटली तेवढी.” ज्यांच्या तोंडून मला ते मिळाले, त्यांच्यापाशी त्याची आठवणही नव्हती. मग ते शब्द कोणाचे होते, हे विज्ञानाच्या बाईने विचारू नये, असे मी ठरवले आहे.

त्यानंतरच्या शनिवारी मी मारुतीपुढे उभी राहिले. ‘सर्व ठीक आहे’ ओठांवर आले. मी ते गिळले. “मला भीती वाटते. हे मला हवे आहेत,” एवढेच म्हटले आणि चारचौघांत रडले. मागण्याने मी लहान झाले नाही, हलकी झाले. देणे न देणे आता त्याच्याकडे आहे, आणि जे मिळाले त्याचे ऋण माझ्याकडे.

वाचकहो, उपदेशाचा मला अधिकार नाही, म्हणून केवळ विचारते: तुमची पेशी असते तेव्हा तुम्ही काय झाकून ठेवता?