ताईचा डावा कान

शेवटच्या संध्याकाळीही ताईनं मला उठवलंच. "अगं शुभा, त्या बाजूला काय बसलीस? इकडे डावीकडे ये." मी चहाचा कप उचलून तिच्या डावीकडे बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं हृदय थांबलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं, हिंडती-फिरती, कुणाकडून काही करून न घेता गेली. महिना झाला. तिची आठवण येते, पण तक्रार नाही.

ताई माझी थोरली जाऊ. डोंबिवलीच्या एकाच घरात आम्ही दोघींनी तेहेतीस वर्षं काढली. एकदा तिच्या डोक्याला तेल लावताना उजव्या कानामागे बोटांना टणक उंचवटा लागला. तिला तो ठाऊक होता. त्यासाठीच ती अंबाडा खाली बांधू लागली होती. "लेकीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. कुणाला बोललीस तर गाठ माझ्याशी आहे," म्हणाली. तिला कॅन्सरची धास्ती, मला तिची... चार दिवस मी तोंड शिवून बसले. पाचव्या दिवशी दादांना, म्हणजे तिच्या यजमानांना, सगळं सांगून टाकलं. ताईनं माझ्याशी बोलणंच सोडलं.

ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही. कवटीच्या हाडात रक्तानं भरलेली पोकळी झालीय, या जागी फार क्वचित होते. पण वाढतेय, थांबलात तर चेहऱ्याची नस दाबेल, तोंड वाकडं होईल. ऑपरेशन झालं. चेहरा वाचला, उजवा कान मात्र गेला.

वॉर्डात मी तिच्या पायाशी उभी होते. माझ्या चोंबडेपणापायी कान गेला, हेच डोक्यात. ताईनं डोळे उघडले. "एक गाठ डॉक्टरांनी काढली. आता तुझी गाठ माझ्याशी," म्हणाली आणि पलंगाच्या डाव्या कडेवर हात थोपटला. "इथे बस. बोल आता. पंधरा दिवसांचं साठलं असेल." मला रडूच फुटलं.

लेकीच्या लग्नात ती पदराखाली पट्टी घेऊन मिरवली. पुढे तर त्या कानाचा तिनं फायदाच करून घेतला. नको ते उकरून काढणाऱ्या पाहुण्यांना ती आग्रहानं उजवीकडे बसवायची आणि हसत मान डोलवत राहायची. मला मात्र कायम डावीकडे.

परवा विठ्ठलवाडीच्या साठेबाई भेटायला आल्या. ताईच्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या बाजूला टेकल्या.

"इकडे डावीकडे बसा," माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडून ताईला ऐकू येत नाही."

साठेबाई उठल्या आणि डावीकडे येऊन बसल्या.