शेंदराची चार बोटं

नाना गेल्याचा फोन महिन्यापूर्वी पाचोऱ्याहून त्यांच्या मुलाने केला. म्हणाला, "काका, बाबा शेवटपर्यंत खाटेच्या पायाखाली पुठ्ठा सारायला लावत होते... खाट उताराला आहे म्हणत." रडू यायच्या आधी मला हसूच फुटलं.

जळगावच्या कचेरीत नाना मोजणीदार, मी आरेखक. ते शिवारं मोजून आणायचे, मी नकाशे काढायचो. आम्हाला तव्यासारखी सपाट दिसणारी काळी जमीन नानांना मात्र चढउतारांनी भरलेली दिसे. ऐंशीच्या दशकात जामनेरकडच्या एका गावी पाट काढायचा होता. नानांनी पारावरच्या दगडाचा माथा आधाराला धरला, लाल रंगाने खूण केली आणि सगळ्या शिवाराची उंची त्यावरून काढली. नाना परतले. लाल दगड पाहून गावाने ओळखायचं ते ओळखलं आणि नारळ फोडला.

चार वर्षांनी नाना पाटाचं शेवटचं टोक आखायला गेले. उंची मोजायची पट्टी त्याच दगडावर उभी केली, पाट खणला, पाणी सुटलं... आणि लीलाअक्काच्या बांधाशी येऊन थांबलं. अक्काचं वावर सगळ्यात शेवटी. पाण्याच्या भरवशावर तिने केळी लावून ठेवलेली. नानांचं जेवणावरून मन उडालं. मला नकाशा घेऊन बोलावलं. नकाशा बिनचूक होता. दगडावर मात्र शेंदराचा जाड थर चढला होता. पट्टी तेवढी वर, म्हणून पाटाचं टोकही तेवढंच वर! आणि रोज शेंदूर कोण लावायचं? लीलाअक्काच.

थर खरवडून मोजायचं म्हटल्यावर अक्का दगडाला आडवी आली. "मना वावरमा पानी नही उनं तरी चाली, पन देवले हात लावू नका!"

केळी तर सुकत चाललेली. शेवटी नानांनी नारळ फोडला, कान धरले, "देवा, सरकारी काम आहे," म्हणाले आणि दाभण हळूच शेंदरात टोचला. चार बोटं भरली. पाट तेवढा खोल केला, केळी वाचली. पुढे शेंदराची खोळ आपसूक गळून पडली.

गेल्या आठवड्यात मुद्दाम त्या गावी गेलो. दगड लालभडक, पण माथा कोरा.

"वर नही लावस मी," अक्का म्हणाली. "तठे नानानी पट्टी उभी ऱ्हास." मग माझ्या मागे रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "नाना कव्हय येतीन?"

मी त्या कोऱ्या माथ्यावर हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता.