अठ्ठावीस इंचाची बॉटम

"मले पाहू नको, समोर पाह." माप घेताना चाचा प्रत्येकाला हेच सांगायचे. गळ्यातली टेप काढून ते समोर गुडघ्यांवर बसत. माप द्यायला मामलेदार उभा असो की हमाल, त्याने खाली पाहिलेलं त्यांना चालत नसे. माणूस खाली पाहतो तेव्हा वाकतो आणि माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं.

दिग्रसच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. पाटीवरची अक्षरं उडून गेली होती, पण ती पुन्हा रंगवावी असं कुणालाच वाटलं नाही. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. मीही इथे तेवढंच लिहितो.

ऐंशीच्या दशकातले ते कॉलेजच्या पोरापोरींचे सिनेमे तुम्हीही पाहिले असतील. चाचा असा प्रत्येक सिनेमा दोनदा पाहायचे, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा कपड्यांसाठी. अंधारातच काडेपेटीच्या पाठीवर पेन्सिलीनं कॉलरी काढायचे. एकदा पडद्यावर नायिका शेवटचे श्वास मोजत होती, टॉकीजभर हुंदके चालले होते, आणि चाचा पुढच्या माणसाला म्हणाले, "सरक जरा, खिसा दिसून नाही राह्यला."

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असतो. अकरावीत असताना गॅदरिंगच्या नाचात पोरांनी मला घेतलं. आम्ही आठ जण होतो. कपडे अर्थातच चाचांकडे.

"बॉटम किती ठेवता, चाचा?" मी विचारलं. बॉटम म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर.

"अठ्ठावीस."

"एवढी? आता तं निमुळती चालते ना?"

"कोण सांगतलं तुले? मुंबईले हेच चालू हाय."

मुंबईचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपायचा. आठही जणांनी अठ्ठावीसची बॉटम शिवून घेतली. स्टेजवर आम्ही ओळीनं उभे राहिलो तेव्हा कापड बुटांवरून खाली लोळत होतं. सोळा पाय, सगळे सारखे. मी फक्त खांदे हलवले, पण शिट्ट्या पडल्या. त्या संध्याकाळी माझ्याकडे पाहणाऱ्यांची नजर पहिल्यांदा पायाकडे गेली नाही. त्या नाचाचा फोटो पुढे कितीतरी वर्षं माझ्या झेरॉक्सच्या दुकानात टांगलेला होता.

दोन वर्षांपूर्वी गावात सिनेमाची मंडळी आली. त्याच जुन्या कॉलेजच्या सिनेमांसारखा, पण हसवणारा सिनेमा त्यांना करायचा होता. कपड्यांचं काम पाहणारी एक मुलगी कागदांच्या झेरॉक्स काढायला माझ्याकडे आली. फोटो पाहून तिनं विचारलं, "हे कुणी शिवलं?" मी फोटो भिंतीवरून उतरवला आणि मोठ्या अभिमानानं तिला चाचांकडे नेलं.

चाचांची पंच्याहत्तरी उलटली होती. शाळेच्या पोरांच्या पँटी लांब-आखूड करण्यापुरतंच काम उरलं होतं.

"त्या काळात एवढी मोठी बॉटम मी कुठेच पाहिली नाही," मुलगी म्हणाली. "मला आठ जणांना अशीच हवी. पडद्यावर दिसली की लोक हसलेच पाहिजेत."

चाचांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"ते फॅशन नव्हती, बेटा."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्या पायात लोखंड हाय. याची एकट्याची रुंद केली असती तं सगळे यालेच पाह्यले असते. म्हणून आठही पोराइची केली. मुंबईचं नाव सांगतलं का पोरं कायबी घालत होते."

दुकान उघडं टाकून आलोय, असं काहीतरी पुटपुटत मी फोटो घेतला आणि बाहेर पडलो.

मला भरून आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मला राग आला होता. आयुष्यातली एकच संध्याकाळ मी इतरांसारखा होतो, आणि तीही कुणीतरी माझ्यासाठी बेतून दिलेली निघाली. फोटो मी कपाटात उलटा ठेवला. तीन दिवस त्या गल्लीत गेलो नाही.

चौथ्या दिवशी गेलो तेव्हा चाचा सिनेमाच्या पँटींचं कापड बेतत होते.

"इतके वर्सं मले सांगतलं नाही," मी म्हणालो. "मंग तिले कायले सांगतलं?"

कात्री थांबली. "ते हसणार होते. कोणावर हसून राह्यले, हे त्याइले माहीत पाह्यजे."

मग कात्री पुन्हा चालवत ते म्हणाले, "अन् नाचला तं तूच ना? ते काय मी शिवलं होतं?"

मी बाकावर बसलो. त्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं. पुढचे आठ दिवस दोरा मी ओवून दिला.

पँटी न्यायला ती मुलगी स्वतः आली. बॉटम तेवढीच राहील, पण तिच्यावर एकही विनोद नसेल, असं दिग्दर्शकाकडून कबूल करून घेतल्याचं तिनं सांगितलं. चाचांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी मशीनखालून एक पुडकं काढून मला दिलं. आत नववी पँट होती. साधी, सरळ कापाची, बुटाजवळची पट्टी दिसेल इतकीच लांब.

"हे कायले, चाचा?"

"पन्नाशी गेली तुही. आता कोणापासून लपवून राह्यला?"

मी ती नेली, पण घातली नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं एस. टी.नं यवतमाळला गेलो. गॅदरिंगच्या नाचात नायक पावलं विसरतो आणि थेट तबलेवाल्याच्या मांडीवर जाऊन पडतो. सगळं थिएटर हसलं, मीही हसलो. चाचा पुढे झुकून पडद्याकडे पाहत राहिले.

"कसा वाटला?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तिसऱ्या पोराचा उजवा पाय अर्धा इंच लांब झाला," ते म्हणाले. "हात कापते आता."

परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली. दिग्रस येईपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

या हिवाळ्यात चाचा गेले. सकाळी निरोप आला तेव्हा मी कपाटातून ती पँट काढली आणि घालून गेलो. कब्रस्तानात जमीन उताराची आहे. चाचांच्या मुलानं माझा दंड धरला. माती टाकायला मी वाकलो तशी पँट वर सरकली आणि लोखंड उघडं पडलं. मी तीन मुठी माती टाकली. पँट खाली ओढली नाही.